माझ्या आवाजात राहिलेलं तुझं वाक्य

सुलभा,

काल कारखानदारांच्या मंडळाची मीटिंग झाली. आधी तुझ्या फोटोला हार घातला. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. मग बसले, चहा आला, आणि कप खाली ठेवायच्या आत तुझं काम मोडायला घेतलं. तेव्हाच मी ठरवलं, तुझ्यावर लिहायचं तर आधी हे लिहायचं. तू कुठल्या कॉलेजात शिकवलंस, किती पोरं तुझ्या हाताखालून गेली, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुझ्याशी भांडणारी बाई. आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस, ते पुरं करायला बसलेय.

अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत. तुझ्या मयताला शेवटपर्यंत थांबले होते. घसा साफ करून म्हणाले, "काकी, सुलभा मॅडम म्हंजे देवमाणूस. पण आता कामाचं बोलू. गड्यांना शिकवायचं तुमचं मशीन झ्याक हाय. फकस्त एक बटण वाढवा. ओतकाम बिघडलं की कुणामुळं बिघडलं त्याचं नाव आमच्या मोबाईलवर आलं पायजे. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी बसवायचं, आम्हाला बघायला बरं पडतंय."

मी म्हणाले, "ती असती तर हे बोलला असता?"

"त्या असताना पण बोललोय की. त्या न्हाई म्हणाल्या. म्हणून तर आता तुम्हाला इचारतोय."

बघ म्हणजे. तू गेल्याचं लोकांना दुःखही झालं आणि सोयही झाली.

मी लगेच उत्तर दिलं नाही. तुला हे खोटं वाटेल. मी गप्प बसले म्हटल्यावर अध्यक्षांना धीर आला. म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा, पुण्याचा एक माणूस बघून ठेवलाय, तो करून देईल, मशीनमधला तुमचा आवाज काढून दुसरा घालून देईल. तेव्हा मी उठले. "उद्या सकाळी शेडवर या. बापूच्या टीमचा तास हाय. डोळ्यानं बघा, मग बोलू."

आता जरा वाचणाऱ्यांना सांगते. तुला कंटाळा आला तर पुढं जा.

शिरोली एमआयडीसीत मंडळाची एक जुनी शेड आहे. आत खरी क्रेन आहे, खरी लाडल आहे, म्हणजे भट्टीतलं पातळ लोखंड साच्यांपर्यंत नेणारी मोठी बादली. फक्त तिच्यात लोखंड नाही, वाळू भरलेली आहे. जमिनीवर ओळीनं साचे मांडलेले. भिंतीवर पडदा, त्यावर लोखंड किती तापलंय आणि किती गार होत चाललंय ते दिसतं. आग नाही, बाकी सगळं खरं. चार माणसं येतात: एक भट्टीवर, एक क्रेनवर, एक लाडल कलती करून ओतणारा, एक साच्यांवर नजर ठेवणारा. चौघांच्या डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटात कानाशी आवाज. कोण कुठं उभा आहे, कुणाचं तोंड कुठं आहे, कोण काय बोललं, हे कॉम्प्युटरला कळतं. आणि तो शिकवतो. एकाला नव्हे, चौघांना मिळून. ही सगळी अक्कल सुलभाची. एकाला शिकवणं सोपं असतं, असं ती म्हणायची. त्यानं उत्तर दिलं की बरोबर का चूक ते बघायचं. पण चौघांनी मिळून एकच उत्तर दिलं आणि ते चुकलं, तर पेपर कुणाचा तपासायचा?

या प्रश्नावर आपण दोघींनी म्हातारपण घालवलं, सुलभा. लोकांच्या बायका या वयात काशीला जातात.

तुझी माझी पहिली गाठ आठवते का? शाहूपुरीत तुझा कॉम्प्युटरचा क्लास होता, खाली सायकलचं दुकान आणि वर जिन्यातच चपलांचा ढीग. मी आले ती धापा टाकत. तू कागदातून मान वर न करता विचारलंस, "नातवाचं नाव घालायचंय का?"

"न्हाई. माझंच."

तेव्हा मान वर केलीस. माझे मालक गेल्यावर पॅटर्न शॉप मीच चालवत होते. फौंड्रीतले साचे ज्यावरून पाडतात ते लाकडी नमुने आमच्याकडं बनायचे. गिऱ्हाईक कागदावरचं ड्रॉइंग पाठवायचं बंद झालं, सगळं कॉम्प्युटरवर यायला लागलं. दहावीच्या पुढं माझं शिक्षण नाही, पण धंदा बंद करायची माझी तयारी नव्हती. तू विचारलंस, "इंग्रजी येतं का?" मी म्हणाले, "तुम्हाला रंधा मारता येतोय का?" तू हसलीस ती अशी, की मागच्या बाकावरची पोरं दचकली. पुढच्या आठवड्यात खरंच शॉपवर आलीस, पदर खोचलास आणि रंधा हातात घेतलास. अर्धा दिवस खपून जी फळी गुळगुळीत केलीस ती मी अजून ठेवलीय. अगदी वाईट झालीय. तुला तसं कधी सांगितलं नाही, आज सांगते.

त्याच दिवशी शेजारच्या फौंड्रीत ओतकाम बघायला तुला घेऊन गेले. तिथं बापू होता. आमच्याकडच्या बऱ्याच फौंड्र्यांत एक रीत आहे. ओतायचा इशारा टीममधल्या वडील माणसानं द्यायचा. त्यानं हात वर केला की क्रेन हलते, त्याच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही. तो त्याचा मान. त्या दिवशी बापू सुपरवायझरशी बोलत उभा राहिला. लाडल भरून लटकलेली. लोखंड गार व्हायला लागलं, त्याचा रंग बदलला, ते तिघांनाही दिसत होतं. तिघंही बापूच्या हाताकडं बघत थांबले. ओतलं तेव्हा उशीर झाला होता, सगळा माल परत भट्टीत.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "बाकीच्यांना कळलं नव्हतं का?"

"कळल्यालं की."

"मग बोलले का नाहीत?"

"अगं, बापूच्या आधी कोण बोलणार? मान असतोय."

आपण रिक्षा केली. पंचगंगेच्या पुलावर आल्यावर म्हणालीस, "इंदू, यांना एकेकटं शिकवून काही उपयोग नाही. चौघंही हुशार आहेत. बिघडलंय ते चौघांच्या मधलं."

मला तेव्हा पटलं नाही. मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली. चूक झाली की ज्याची चूक त्याच्या पाठीत धपाटा, एवढीच आमची पद्धत. पण तू कामाला लागलीस आणि मलाही लावलंस.

पहिलं मशीन केलंस ते आठवलं की आजही हसू येतं, आणि हसताना तू शेजारी नाहीस हे कळतं. तू कुठंतरी वाचलं होतंस की चांगली टीम एकमेकांशी जास्त बोलते. मग तू नियम घातलास: जितकं बोलणं जास्त, तितके मार्क जास्त. पहिलीच टीम आली ती हेरल्याकडची चौघं. हेल्मेट घातल्यापासून त्यांचं जे सुरू झालं ते संपेचना. एकाच्या म्हशीनं दुसऱ्याचा ऊस खाल्लेला. क्रेनवाला वरनं ओरडतोय, भट्टीवाला खालनं. "तुझ्या बाला सांग कुंपण घालायला." "माझ्या बाचं नाव काढू नगंस." लाडल भिंतीला धडकली, पडद्यावरचं अर्धं लोखंड जमिनीवर. आणि शेवटी मशीननं तुझ्याच आवाजात जाहीर केलं, "शाब्बास. तुमच्या टीमचा सुसंवाद उत्तम आहे."

ती चौघं घाबरून एकमेकांकडं बघायला लागली. तू भिंतीला टेकून हसत खाली बसलीस. मला वाटलं पडलीस.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ आले, जोडीला दोन चुलतभाऊ. लहानपणापासून एका गोठ्यात धारा काढलेली माणसं. पूर्ण ओतकामात चारदोन शब्द बोलले असतील. एकानं भुवई हलवली की दुसऱ्याचा हात पुढं. एक थेंब सांडला नाही. मशीन म्हणालं, "तुमच्यात संवाद नाही." थोरला भाऊ हेल्मेट काढून मला म्हणाला, "काकी, आमी भांडलो तर पास व्हतोय व्हय?"

त्या दिवशी तू हसली नाहीस. सगळे नियम पुसून टाकलेस. मला समोर बसवलंस आणि विचारलंस, "मला सांग, गरज कधी असते बोलायची?" दोन महिने आपण तेवढंच केलं. कुठल्या क्षणी कुणाला काय कळायला हवं, ते ज्याला माहीत आहे तो कोण, आणि लागायच्या आधी ते पोचलं का. शब्दानं पोचो, हातानं पोचो, भुवईनं पोचो. पोचलं म्हणजे झालं. मशीननं मोजायचं ते एवढंच. आज मंडळाचे लोक परगावच्या पाहुण्यांना हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगतात. सांगताना तुझं नाव घेतात. माझं घेत नाहीत, पण ते मी चालवून घेते.

आवाजाचंही तसंच. आधी तुझा आवाज लावून बघितला होता आपण. "कृपया लाडल सावकाश कलती करावी." बापू म्हणाला, "बँकेतनं फोन आल्यागत वाटतंय." मग माझा लावला. "बापू, हळू. पळून चाललंय का लोखंड?" बापूचा हात जागच्या जागी थांबला. तेव्हापासून वाक्य तू लिहायचीस आणि मी बोलायची. तुझी शुद्ध भाषा मी माझ्या पद्धतीनं वाकवायची, तू कपाळाला हात लावायचीस. म्हणायचीस, "इंदू, हे मी लिहिलेलं नाही." मी म्हणायची, "मग तू बोल की." आता तू नाहीस आणि रोज सकाळी शेडमध्ये तुझं बोलणं माझ्या तोंडून चालू असतं. मी दारात उभी राहून ऐकते. माझाच आवाज, पण ते शहाणपण माझं नाही, हे मला ऐकू येतं.

नावं घ्यायची का नाही यावर आपण वर्षभर भांडलो. मी म्हणायची, नाव घेऊन सांगितल्याशिवाय माणूस ऐकत नाही. तू म्हणायचीस, नाव घेतलं की बाकीचे तिघं सुटल्यासारखे वागतात. शेवटी मधला रस्ता निघाला. मशीनला पक्कं कळलं असेल तर त्यानं नाव घ्यावं, चौघांच्या कानात, चौघांच्या समोर. पण शेडमधलं शेडबाहेर जायचं नाही. मालकाला नाही, सुपरवायझरला नाही, कशातही साठवायचं नाही. तास संपला की पुसलं. मंडळाला तू सगळं फुकट दिलंस ते या एकाच अटीवर. तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. कालही हलवल्या, पण उलट्या बाजूला.

आणि मग ते वाक्य.

मशीनला सगळं कळत नाही, हे तुला सगळ्यात आधी कळलं. समज, बापूच्या टीममधल्या दत्ताचं तोंड साच्याकडं होतं, हे त्याला दिसतं. पण साच्यात काय चुकलंय ते दत्ताला दिसलं का, हे फक्त दत्ताला माहीत. दिसूनही तो गप्प राहिला असेल तर का राहिला, हेही त्यालाच माहीत. अशा वेळी मशीननं काय म्हणायचं? तू कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवलंस: "कुठं चुकलं ते मला कळलं नाही. तुम्ही चौघं आपसात बोला. मग मला सांगा."

मी म्हणाले, "हे मी बोलणार न्हाई."

"का?"

"मास्तरच म्हणायला लागला मला कळलं न्हाई, तर पोरं कशाला ऐकतील? हसतील."

"कुणी हसणार नाही."

"तू फौंड्रीतली माणसं बघितली न्हाईस. मी त्यांच्यात हाडं झिजवलीत. एकदा हसले की संपलं."

"आणि कळलं नसताना कळल्यासारखं केलं तर?"

"तर काय? गप बसायचं मग मशीननं."

"गप्प बसायची शिकवण त्यांना आधीच आहे, इंदू. तीच तर मोडायची आहे."

मी चिडले. तुझ्या टेबलावरची चुरमुऱ्यांच्या भडंगाची पिशवी उचलली आणि घरी निघून आले. तू जिन्यातून ओरडलीस, "अगं, माझं भडंग." संध्याकाळी फोनवर परत तेच. तू म्हणालीस, "उद्या येते. भांडू." मी म्हणाले, "ये. भडंग संपलंय."

सकाळी तुझ्या लेकीचा फोन आला.

त्या सकाळचं मी काही लिहिणार नाही. लोक मला सांगतात, शांतपणे गेली, झोपेतच गेली, पुण्यवान. मला ते अजिबात पटलेलं नाही. तू शांतपणे कधी काही केलं नाहीस. भांडण ठरवलेलं असताना तू अशी उठून जाणारी नव्हेस. मला अजून तुझा राग आहे आणि तो मी उतरू देणार नाही, उतरला तर मग रडण्याशिवाय काही उरत नाही.

कालच्या मीटिंगवरून मी घरी गेले नाही, थेट पॅटर्न शॉपवर गेले. पोरांना चहाला पाठवलं, मशिनं बंद केली, माइक पुढ्यात ओढला. तुझा कागद काढला. वाचून बघितलं. तीनदा माइक चालू केला आणि तीनदा बंद केला. तुला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे: बाई विरघळली, मैत्रीण मेली म्हणून तिचं म्हणणं मान्य केलं. तसं नाही. मी ते पटलं म्हणून बोलले नाही. मी ते एवढ्याचसाठी बोलले की समोरचे लोक मशीनला नाव सांगायला लावणार होते, आणि कळलेलं नसताना नाव सांगणाऱ्या मास्तरापेक्षा, कळलं नाही म्हणणारा मास्तर मला परवडतो. बास.

शेवटी बोलले ते असं: "कुठं चुकलं ते मला कळलं न्हाई बघा. तुम्ही चौघं आपसात बोला. मग मला सांगा." ते "बघा" तुझं नाही. तू काढून टाकलं असतंस. ते राहील. तसंच रात्री मशीनमध्ये चढवलं.

आज सकाळी शेडवर अध्यक्ष वेळेवर आले. पांढरा शर्ट, हातात मोबाईल. मी त्यांना मागं भिंतीशी खुर्ची दिली आणि कानाला एक हेडफोन दिला. बापूची टीम आली. बापू आता साठीला आलाय, मिशा पांढऱ्या, हात अजून दगडासारखा. साच्यांवर नजर ठेवायला दत्ता, दोन पोरींचा बाप, मूळचा शिरोळकडचा, कामाला चोख आणि बोलायला लाजरा. क्रेनवाला नेहमीसारखा तोंडात सुपारी धरून. भट्टीवर एक परप्रांतीय गडी, इतकी वर्षं इथं राहून तो आता आमच्यापेक्षा कोल्हापुरी बोलतो.

ओतकाम सुरू झालं. पहिला साचा भरला, दुसरा भरला. तिसऱ्यावर वजन ठेवलेलं नव्हतं. साच्यावर वजन नसेल तर आतलं लोखंड वरचा भाग उचलतं आणि बाहेर पडतं. खऱ्या फौंड्रीत पाय जातात अशानं. मशीननंच ती खोडी करून ठेवली होती, कोण बघतंय ते बघायला; पण ती कुणाला दिसली आणि दिसूनही कोण गप्प राहिलं, हे त्याला कळत नाही. बापूनं हात वर केला. क्रेन हलली. दत्ताचं तोंड बरोबर तिसऱ्या साच्याकडं होतं. लाडल कलली. पडद्यावर लाल लोखंड जमिनीवर पसरलं आणि भोंगा वाजला.

सगळे थांबले. आणि मग माझा आवाज: "कुठं चुकलं ते मला कळलं न्हाई बघा. तुम्ही चौघं आपसात बोला. मग मला सांगा."

क्रेनवाला हसला. "काकीला कळलं न्हाई म्हणं." मनात म्हणाले, बघ सुलभा.

पण हसून झाल्यावरही मशीन गप्पच होतं. नेहमी ते पुढचं काहीतरी सांगतं. आज काही सांगेना. चौघं वाट बघत राहिले, आणि वाट बघून अवघडले. क्रेनवाल्यानं सुपारी एका गालातनं दुसऱ्या गालात घेतली. दत्ता हातमोजे काढत होता, घालत होता. मग खाली बघूनच म्हणाला, "बापू, मला दिसल्यालं."

"काय?"

"तिसऱ्यावर वजन न्हवतं. मला दिसल्यालं."

"मग बोंबलला का न्हाईस?"

"तुम्ही हात केल्ता की."

सुलभा, मी दारात उभी राहून ऐकत होते. हे मशीनला कधी कळलं नसतं. तुला कळलं नसतं, मला कळलं नसतं. कुठल्याही पुण्याच्या माणसाला कळलं नसतं. ते फक्त एका माणसाच्या पोटात होतं आणि तो ते स्वतःच्या तोंडानं, ज्याला सांगायची हिंमत होत नव्हती त्यालाच सांगत होता.

आणि मागनं अध्यक्ष उठले. मोबाईल वर काढला. खुश होते. "म्हंजे दत्ताची चूक. बघा काकी, आलं की नाव. उगच कळलं न्हाई, कळलं न्हाई."

दत्तानं तोंड मिटलं. मिटलं म्हणजे कसं, दुकानाचं शटर ओढल्यासारखं. बापूनं हेल्मेट काढून हातात घेतलं. भट्टीवाला बूट बघायला लागला. क्रेनवाल्याचं हसू कुठल्या कुठं. एका वाक्यानं जे उघडलं होतं ते एका वाक्यानं बंद झालं, आणि मला जे वर्षभर तुझ्या तोंडून ऐकून कळलं नव्हतं ते त्या चार चेहऱ्यांकडं बघून कळलं.

मी म्हणाले, "पावणं, भाईर व्हा."

त्यांना वाटलं मी दुसऱ्या कुणाला बोलतेय. मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"तुम्हालाच म्हणतोय. भाईर व्हा. हितं तास चालू हाय."

"काकी, मी मंडळाचा अध्यक्ष हाय."

"आसा. मंडळात बसून व्हा अध्यक्ष. तासात चौघं असत्यात आणि मास्तर. पाचव्याला हितं काम न्हाई. आणि ते बटण मी लावणार न्हाई. आत्ता बघितलं न्हवं? तुम्ही नाव इचारलं आणि चौघं मुकी झाली. नावं गोळा करायची आसली तर करा, पण मग खरं कोण बोलणार न्हाई तुमच्याशी. आणि उद्या खऱ्या लाडलीखाली कुणाचा पाय गेला, तर त्याला जाऊन दाखवा मोबाईल."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, मोबाईल खिशात घातला. जाताना हळूच म्हणाले, "मीटिंगमध्ये परत इषय निघणार, काकी." मी म्हणाले, "निघू द्या. मी पण निघतोय घरातनं, मीटिंगला."

दार लावलं.

मला वाटलं गेलं हातातून. मग बापूनं हेल्मेट परत डोक्यावर घातलं, पट्टा बांधला आणि दत्ताला म्हणाला, "म्होरल्या बारीला माझा हात वर आसला तरी बोंबलायचं."

क्रेनवाला वरनं म्हणाला, "आणि मान वो, बापू?"

"मान माझा हाय न्हवं? मग मीच सांगतोय. बोंबलायचं."

परत सुरू केलं. या खेपेला मशीननं वजन पाचव्या साच्यावरचं काढलं होतं. बापूचा हात वर गेला, आणि दत्ता असा ओरडला की क्रेनवाल्याची सुपारी पडली. "थांबा वोऽऽ." लाजरा दत्ता. बाहेर गाडीत बसलेल्या अध्यक्षांना ते ऐकू गेलं असणार. ऐकू जावं म्हणूनच तो तसा ओरडला असेल तर मला माहीत नाही, आणि ते मी त्याला विचारणारही नाही.

तर असं झालं. मंडळानं काय ठरवायचं ते ठरवावं. पुण्याहून माणूस आणला तर त्याच्यासमोर मी हेच सगळं परत बोलेन, माइक नसला तरी माझा आवाज पोचतो. बटण लागलं तर त्या शेडमधला माझ्या तोंडचा शब्द न् शब्द मी काढून नेणार. तुझी वाक्यं आहेत ती. त्यांच्या मोबाईलमध्ये ती जाणार नाहीत.

आणि तुला एवढंच सांगते. जिन्यात उभी राहून ओरडत होतीस, तेव्हा मी मागं वळले नाही. वळायला हवं होतं वगैरे मी म्हणणार नाही, आपण रोजच तसं करायचो आणि रोज सकाळी परत भेटायचो. तू माझ्यासारख्या दहावी झालेल्या बाईला समोर बसवून "मला सांग" म्हणालीस. आयुष्यात मला तसं कुणी विचारलं नव्हतं, ना सासऱ्यांनी, ना मालकांनी. तुझं ते वाक्य त्यातनंच आलेलं, हे आज दारात उभी असताना माझ्या लक्षात आलं. तू मशीनला जे बोलायला लावलंस ते तू स्वतः रोज बोलायचीस.

तरीपण क्रेनवाला हसला, सुलभा. कुणी हसणार नाही म्हणाली होतीस तू. तेवढ्यापुरतं माझं बरोबर होतं, आणि ते मी सोडणार नाही.

तुझी,
इंदू